शिडीचं दुसरं टोक

आमच्या गावात कुणी कुणाच्या घरी उगीच जात नाही. दार वाजवायचं आणि म्हणायचं काय? "तुम्हाला बघायला आलो"? समोरचा माणूस लगेच घाबरतो. एक तर आपण आजारी दिसतोय असं त्याला वाटतं, नाही तर हा काहीतरी मागायला आलाय असं. म्हणून आम्ही जाताना एखादं कारण घेऊन जातो. हातात कारण असलं की माणूस उंबऱ्यावर ताठ उभा राहतो. आणि गावातलं सगळ्यात भरवशाचं कारण म्हणजे शिडी.

उंच शिडी गावात एकच आहे. ज्या सुतारानं ती केली तो आता नाही, पण त्याचा स्वभाव तिच्यात शिल्लक आहे. लांब, जड आणि कुणाचं न ऐकणारी. तिला ठरलेली जागा कधीच नव्हती. जो वापरेल त्याच्या भिंतीला ती उभी राहायची, आणि ज्याला हवी असेल त्यानं शोधत यायचं. परत नेऊन देण्याची पद्धत नव्हती. देणार कुणाला? ती कुणाची होती हेच कुणाला माहीत नव्हतं.

त्यामुळे एखाद्याला पन्हळ साफ करायची असली की तो सकाळी घराबाहेर पडायचा आणि पहिल्या दारात विचारायचा, "शिडी कुठंय?"

"मागं बेकरीकडे होती बघा. बसा, चहा टाकलाच आहे."

चहाबरोबर त्या घरातलं गुडघ्याचं दुखणं कळायचं, पुढच्या दारात मुलीचा निकाल कळायचा, त्याच्या पुढच्या दारात सासूनं सुनेशी बोलणं टाकलंय हे न सांगता कळायचं. शिडी सापडेपर्यंत पन्हळ कुणाला आठवते! पण आठवलीच, तर पुढची अडचण तयार असायची. ती शिडी एकट्याला उचलत नाही. दुसरा माणूस लागतोच. आणि दोन टोकांना दोन माणसांनी धरलं की त्यांना बोलावंच लागतं. वळ. थांब. खांब आहे. दोन सख्खे भाऊ मधल्या भिंतीवरून भांडून बसले होते, एकमेकांचं तोंड बघत नव्हते. छप्पर गळायला लागलं तेव्हा शाळेपासून घरापर्यंत दोघांनी शिडी आणली. पुढचा काहीच बोलेना म्हणून मागचा वळणावर ओरडला, "डावीकडं! डावीकडं म्हटलं ना, गाढवा!" तो 'गाढवा' आम्ही सगळ्यांनी समेट म्हणून जमेला धरला, आणि पुढं तो तसाच निघाला.

मग गावात पूलसाहेब आले.

नोकरीभर त्यांनी पूल बांधले होते. निवृत्त झाल्यावर सभेच्या हॉलसमोरचं घर घेऊन राहिले. एकटाच जीव. कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रस्त्यात भेटले की मान हलवायचे, आम्हीही हलवायचो. तेवढाच व्यवहार. पण काम अडलेलं ज्यांना बघवत नाही अशी काही माणसं असतात, त्यातले ते. दोन धडधाकट बाप्ये अर्धा दिवस शिडी शोधत फिरतायत हे त्यांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांच्या जिवाला लागलं. स्वतःच्या खर्चानं त्यांनी हॉलच्या भिंतीवर, वळचणीखाली, दोन लोखंडी आकडे बसवले. शिडीच्या एका टोकाला दोन छोटी चाकं लावली. ज्याला हवी त्यानं आकड्यावरून काढावी, एकट्यानं ओढत न्यावी, संध्याकाळपर्यंत परत टांगावी.

आम्ही टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगता कुणाला? सोयीला नावं ठेवणारा माणूस खुळा ठरतो. पन्हळी वेळेवर साफ व्हायला लागल्या. दारं वाजायची कमी झाली, पण त्याची तक्रार कुठं करायची? शिडी हरवली तर ओरड करता येते. शिडी जागेवर आहे अशी ओरड कुणी केलेली ऐकली नाही.

याचा खरा फटका बसला टोकाच्या मावशीला.

तिचं घर गावाच्या शेवटी. तिथून पुढं रस्ता नुसता खाणीकडं जातो. मावशी काजं करते. शहरातले दोन शिंपी शर्ट शिवून तिच्याकडे पाठवतात आणि ती त्यांची काजं-बटणं करून दर गुरुवारी गाठोडं बसवर घालते. खिडकीत मशीन, मशीनपुढं मावशी, आणि वयाचं विचारलं तर म्हणते, "कात्रीपेक्षा लहान, दोऱ्यापेक्षा मोठी." पूर्वी शिडीचा सगळ्यात जास्त मुक्काम तिच्याकडेच असायचा. बल्ब गेला. झरोक्याची काच धुवायची आहे. वरच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. दर थोड्या दिवसांनी निरोप यायचा आणि दोघं जण शिडी नेऊन तिच्या भिंतीला लावायचे. तिच्या घराइतकं कोळिष्टक नसलेलं छत गावात दुसरं नव्हतं, आणि ते सगळ्यांना ठाऊक होतं. बोलायचं कुणी नाही. ज्याला शिडी हवी तो आधी मावशीकडेच जायचा, कारण बहुतेक वेळा ती तिथंच असायची. मावशीचं गणित पक्कं होतं.

आकडे बसल्यावर ते गणित मोडलं. संध्याकाळी परत टांगायची शिडी कुणी शोधत येत नसते. आणि उंच आकड्यावरची शिडी मावशीला काढताही येत नव्हती.

मागच्या महिन्यात ती स्वयंपाकघरात पडली. स्टूल सरकलं. पाय टेकवेना म्हणून जेवणानंतर जी जमिनीवर बसली ती दिवे लागेपर्यंत तिथंच. दुपारभर मशीन बंद होतं. कुणी आलं नाही. शेवटी भिंत धरून स्वतःच उठली, स्वतःच पाय बांधला, आणि मुलाला फोनवर सांगितलं, "बसच्या पायरीवरून जरा मुरगळला."

मुलगा शहरात एका मोठ्या गोदामाचा हिशेब बघतो. आलेला माल आणि सांगितलेला माल यातला फरक काढण्यातच त्याचे दिवस जातात. तो आला, आणि शिवण उसवावी तशी त्यानं सगळी गोष्ट बाहेर काढली. चांगला मुलगा आहे. सूनही चांगली. तिनं घरातलं निम्मं कपाट रिकामं केलं होतं, मशीनसाठी खिडकीत टेबल लावलं होतं. तिथंच तर पंचाईत होती. वाईट असते तर नाही म्हणणं किती सोपं गेलं असतं.

आतलं हे सगळं मला मावशीनं नंतर सांगितलं, तिच्या पद्धतीनं, म्हणजे मुलाची बाजू थोडी आखूड करून.

"आई, तू पडलीस तेव्हा कोण आलं?"

"मी हाकच मारली नाही."

"का नाही मारलीस?"

"लोकांना त्रास कशाला द्यायचा?"

"मग इथं राहायचं कशाला? त्रास द्यायला कुणी नाही, तर तिकडं चल, मला दे."

मावशीला राग आला. राग आला की ती मशीन चालवल्यासारखी बोलते, थांबता येत नाही. म्हणाली, "या गावात माझं दार एक दिवस बंद राहू दे, चौकशी होईल. लाव पैज!"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ही पैज तिनं आकडे बसायच्या आधीच्या गावावर लावली होती.

"लावतो," मुलगा म्हणाला. "उद्या दार उघडायचं नाही. खिडकी नाही. मशीन नाही. दूधवाला, पेपरवाला धरायचा नाही, ते रोजच येतात. आणि काम घेऊन आलेला धरायचा नाही. तुझं काम, त्याचं काम, कसलंच नाही. नुसता तू बरी आहेस का बघायला आलेला माणूस. एक. दिवे लागायच्या आत एक जरी आला तरी मी पुन्हा विषय काढणार नाही."

"आणि नाही आला तर?"

"परवा सकाळी मशीन गाडीत चढवायचं."

गाडी दारात दिसली तर लोकांना कळणार, म्हणून त्यानं ती आदल्या संध्याकाळीच गिरणीमागं नेऊन लावली. आता गिरणीकाकांना का लावतोय ते सांगणं भाग होतं. सांगितलं, आणि वर म्हणाला, "काका, कुणाला बोलू नका हं."

गिरणीकाका माणूस शब्दाचे पक्के. पण गिरणीच्या घरघरीत आयुष्य गेलेल्या माणसाला कुजबुजता येत नाही. रात्र त्यांनी कशीबशी काढली. सकाळी बेकरीवाली काकू दळण घेऊन आली, तिला त्यांनी पट्टा चालू असताना कानात सांगितलं. ते रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि बाहेर सायकलला हवा भरणाऱ्या वायरमननंही.

तोपर्यंत टोकाच्या घरात सकाळ सरत आली होती. दूधवाला पिशवी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून गेला. पेपरवाल्यानं पिशवी तशीच पडलेली बघितली, तिच्यावर ऊन येत होतं म्हणून पेपर उलगडून वर झाकला, आणि गेला.

"बघितलंस?" मावशी पडद्यामागून म्हणाली. "काळजीनं झाकलं."

"काळजी दुधाची केली," मुलगा म्हणाला. "तुझी नाही."

मावशी मागच्या खोलीत जाऊन हातानं काजं करत बसली. मशीनची सवय झालेले हात. टाका वाकडा जायला लागला. आज गुरुवार. शर्टांचं गाठोडं तसंच पडलं होतं. बस आली, कर्णा वाजवून गेली. तिला वाटलं, ड्रायव्हर तरी उतरून बघेल. पण बसला पुढच्या गावची घाई.

आणि मग कडी वाजली.

"मावशी! अहो मावशी!" बेकरीवाली काकू. "आमच्या ह्यांच्या कोटाचं बटण तुटलंय हो! लावून देता का?"

मावशीचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. मुलानं हळूच मान हलवली. काम.

काकू कोट कट्ट्यावर ठेवून गेली. तिच्या नवऱ्यानं तो कोट लग्नानंतर घातल्याचं कुणाच्या पाहण्यात नाही, आणि बटण तिनं वाटेत दातानं तोडलं होतं. तिच्यामागून वायरमन आला. "मावशी, मीटर बघायचाय!" मीटर घराबाहेरच्या भिंतीला आहे. त्यानं तो बघितला, मोठ्यानं आकडाही वाचला, आणि घुटमळून गेला. मग ते दोघं भाऊ आले, एकाच पँटची चेन घेऊन. ती त्यांनी वाटेतच बिघडवली असावी, कारण कुणी बिघडवायची यावरून दारातच कुजबुजत भांडले. मग कुणी सुई मागायला आलं. कुणी सुई परत करायला. दुपारपर्यंत टोकाच्या घराच्या कट्ट्यावर असा ढीग लागला की दुधाची पिशवी दिसेना, आणि गावातली कितीतरी निर्दोष बटणं हकनाक प्राणाला मुकली.

आत मावशीला हसावं की रडावं कळेना. तोंडात पदराचा बोळा घालून बसली.

"आई, हे सगळे आज एकदम कसे काय आले?" मुलाला संशय यायला लागला होता. "काका बोलले वाटतं."

"मला काय माहीत? मी तर दिवसभर तुझ्यासमोर आहे."

"बोलले असतील तर असू देत. एकानं तरी 'मावशी, बऱ्या आहात का?' असं विचारलं? एकानं?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. दाराला तोंड लावून सगळे बटणांविषयीच बोलले होते.

इकडे बसथांब्यापाशी, जिथून टोकाचं घर दिसतं, तिथं सगळे खुशीत जमले होते. काकूनं बेकरीतून बिस्किटं आणली होती. काम फत्ते झाल्याचा थाट होता.

"आता बघू कशी नेतो मावशीला," वायरमन म्हणाला. "अर्धं गाव जाऊन आलं."

"पण पोरगा बाहेर का येत नाही अजून?" काकूनं विचारलं. "एक जण आला की झालं, असंच ठरलं होतं ना? ओ गिरणीकाका, नेमकं काय म्हणाला होता तो?"

काकांनी बिस्किट चहात बुडवलं. "एक माणूस यायला पाहिजे, म्हणाला. चौकशी करायला. दूधवाला चालणार नाही, म्हणाला." ते जरा थांबले. "आणि कामासाठी आलेला धरणार नाही, असंही काहीतरी म्हणाला होता वाटतं."

चहात बिस्किट विरघळून तळाला गेलं. कुणी काढलं नाही.

"वाटतं?" काकू म्हणाली.

"पट्टा चालू होता, मला वाटलं हे तेवढं महत्त्वाचं नसेल."

"अहो, तेवढंच तर महत्त्वाचं होतं! आम्ही बटणं तोडत बसलो की इथं!"

"मग आता जा परत, बिनकामाची," धाकटा भाऊ म्हणाला.

"आणि म्हणू काय? मघाशी बटण घेऊन आले होते, आता नुसती आलेय? शेंबडं पोरही ओळखेल."

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. जो तो आपलं कारण वापरून बसला होता. आता कुणाच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि रिकाम्या हातानं जायची आम्हाला सवय नव्हती. ऊन उतरायला लागलं. गिरणीकाकांनी घरच्या बल्बचं बटण दाबू नका म्हणून सगळ्यांना बजावून सांगितलं, जणू गावानं दिवे लावले नाहीत तर संध्याकाळ व्हायची थांबेल.

तेवढ्यात चाकं कुरकुरल्याचा आवाज आला.

पूलसाहेब शिडी ओढत येत होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, कपाळावर घाम. बसथांब्यापाशी आले, नेहमीसारखी मान हलवली आणि टोकाच्या घराच्या दिशेनं पुढं निघाले.

"अरे देवा," काकू म्हणाली, "यांना काय सुचलं आता? शिडी म्हणजे पुन्हा कामच! अडवा त्यांना कुणीतरी. सांगा काय ठरलंय ते."

"सकाळपासून कुणीच सांगितलं नाही का त्यांना?" वायरमननं विचारलं.

कुणीच सांगितलं नव्हतं. दळणाच्या रांगेत ते नसतात. डबा घेऊन येतात तेव्हा रांग संपलेली असते. कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. काकू उठली, पण वायरमननं तिला हातानं थांबवलं. "जाऊ दे काकू. आता काय सांगणार? आणि कुठल्या तोंडानं?"

मावशीच्या घराच्या अलीकडे रस्त्यात बैलगाड्यांनी पाडलेली खोल चाकोरी आहे. तिथं शिडीचं एक चाक अडकलं आणि उखडून बाजूला पडलं. पूलसाहेबांनी चाक उचललं, निरखून बघितलं, खिशात घातलं. शिडी तशीच रस्त्यात आडवी टाकली. रुमालानं हात पुसले, आणि दार वाजवलं.

आत मावशी उठून उभी राहिली. मुलानं बोट ओठांवर ठेवलं.

बाहेरून काहीच आवाज नाही. ना बटण, ना चेन. पुन्हा एकदा दार वाजलं, या वेळी जरा घाबरत.

"बाई," पूलसाहेब दाराशी म्हणाले, "आपण बऱ्या आहात ना?"

मावशी सांगते, तिच्या हातातून सुई पडली आणि ती शोधायला तिला दुसरा दिवस उजाडला.

पण मुलगा गोदामाचा हिशेब बघणारा. त्यानं दार उघडलं ते माल तपासायच्याच चेहऱ्यानं. रस्त्यातली शिडी त्याला दिसली.

"शिडी लावायला आलात का? काम होतं का काही?"

"काम?" पूलसाहेब गोंधळले. "नाही. काम काही नाही."

"मग ही कशाला आणलीत?"

पूलसाहेब लाजले. एवढे पूल बांधलेला माणूस, पण लाजताना शाळकरी पोरासारखा दिसत होता. "त्याचं असं आहे, इथं कुणी कुणाकडे रिकाम्या हातानं जात नाही, असं मी बघितलंय. सगळे काहीतरी घेऊनच जातात. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. म्हटलं, ही तरी न्यावी."

"पण मुळात आलात कशासाठी?"

"या बाई दर गुरुवारी गाठोडं बसवर घालतात," ते मुलामागं उभ्या असलेल्या मावशीकडे बघत म्हणाले, "आणि घरी जायच्या आधी हॉलपर्यंत येतात. शिडीकडे बघतात. हात लावून बघतात आणि जातात. मला माझ्या खिडकीतून दिसतं. त्यांना काही हवंय का हे विचारायचं खूपदा मनात आलं, पण काय कारण सांगून विचारावं ते सुचेना. आज त्या आल्याच नाहीत. बस गेली, तरी नाहीत. दुपारभर वाट बघितली. म्हणून आलो. बऱ्या आहेत का, एवढंच बघायचं होतं."

मुलानं एकदा बसथांब्याकडे नजर टाकली. शेवटची शंका त्याच्या तोंडून निघालीच. "तुम्हाला कुणी सांगितलं यायला? गिरणीकाकांनी?"

"मला?" पूलसाहेब म्हणाले. "मला इथं कोण काय सांगतं?"

तक्रारीचा सूर नव्हता त्यात. पुलाखाली पाणी किती आहे ते सांगावं तसं सांगितलं. पण संध्याकाळची हवा पडलेली होती आणि आवाज बसथांब्यापर्यंत स्वच्छ आला. काकूनं बिस्किटांचा पुडा मिटून पदराआड घेतला. दोघं भाऊ चपलांकडे बघत राहिले. दिवसभरात गावानं एका बाईसाठी जेवढी धावपळ केली तेवढी वर्षभरात केली नव्हती, आणि त्या सगळ्या धावपळीत हॉलसमोरचं एक दार कुणी वाजवलं नव्हतं. जमेला काय धरायचं आणि खर्ची काय टाकायचं, हे त्या क्षणी आमच्यापैकी कुणालाच धड सांगता आलं नसतं.

"बाई, तुम्ही शिडीला हात का लावत होतात?" पूलसाहेबांनी विचारलं.

"काढता येत नव्हती म्हणून," मावशी म्हणाली. "बघून तरी यावं, म्हटलं. जुनी ओळख आहे."

पूलसाहेबांनी खिशातलं चाक बाहेर काढलं, हातात फिरवलं, परत खिशात टाकलं.

मुलगा पायरी उतरला. "ती शिडी रस्त्यात पडलीय. कुणीतरी अडखळेल."

"माझंच काम कच्चं निघालं. मी नेतो परत."

"एकट्यानं नाही जमायची. पुढचं टोक धरा, मी मागं होतो." आणि उचलता उचलता तो घराकडे बघत म्हणाला, "आई, कुठं लावायची?"

"नेहमीच्या ठिकाणी," मावशी म्हणाली.

लहानपणी पुढचं टोक त्याचं असायचं आणि मागचं त्याच्या वडिलांचं. आज तो मागं होता, आणि वडिलांच्याच आवाजात ओरडत होता. "हळू, साहेब. थांबा, थांबा. पन्हळ आहे वर. आता वळा. अहो, डावीकडं!"

"माझी डावी की तुमची?"

"शिडीची!"

बसथांब्यावर पहिल्यांदा हसला तो वायरमन. मग सगळेच. गिरणीकाकांनी ओरडून विचारलं, "आता दिवे लावू का रे?" ते त्यांनी कुजबुजत विचारलं होतं असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा गाडी घ्यायला गिरणीमागं आला. मशीन बरोबर नव्हतं. निघताना मायलेकरांचं काय बोलणं झालं ते मावशी कुणीही विचारलं तरी सांगते, आणि न विचारलं तरी.

"आई, एकच माणूस आला गं."

"एकच म्हणाला होतास."

"आणि तोही गावात नवा."

"म्हणून तर आला. जुने बटणं तोडत बसले."

त्यानं एकच अट घातली, रोज संध्याकाळी फोन करायची. मावशीनं कबूल केली, आणि फोनवर ती आता गावातल्या बातम्या इतक्या विस्तारानं देते की फोन ठेवायचं कारण शोधायची पाळी मुलावर येते. कट्ट्यावरची सगळी बटणं तिनं लावून दिली. काकूच्या नवऱ्याच्या कोटाला तर इतका पक्का दोरा घातला की पुढच्या वेळी कात्रीशिवाय ते निघणार नाही.

पूलसाहेबांनी शिडीचं उरलेलं चाक काढून टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं. आकडे मात्र भिंतीत घट्ट बसलेत. पूल बांधणाऱ्या माणसानं ठोकलेले, ते कसले निघतात! पावसाळ्यात सभेला येणाऱ्यांच्या छत्र्या तिथं लटकतात.

शिडी परत आपली भटकायला लागली. मावशीच्या भिंतीवरून शाळेत गेली, शाळेतून दोघा भावांकडे, आणि मागच्या आठवड्यात बेकरीला पोचली. बेकरी हॉलच्या शेजारीच आहे. पूलसाहेबांच्या खिडकीतून बेकरीची अख्खी भिंत दिसते, आणि भिंतीला लावलेली शिडी पायापासून टोकापर्यंत.

तरीही परवा सकाळी बेकरीवाली काकू हातात ताज्या पावांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिली आणि कडी वाजवली.

"साहेब, शिडी कुठंय हो?"

पूलसाहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या खांद्यावरून पलीकडे. "तुमच्याच भिंतीला आहे की," ते प्रामाणिकपणे म्हणाले. "ती काय, दिसतेय."

"होय का?" काकूनं वळूनही बघितलं नाही. "बघा, माझ्या लक्षातच नाही आलं."

पूलसाहेब अजून शिडीकडेच बघत होते. हुशार माणसांना काही गोष्टी समजायला वेळ लागतो. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. त्यांनी दाराचं दुसरं कवाडही उघडलं.

"बसा ना," ते म्हणाले. "चहा टाकतो."

आणि काकू काम नसताना बसली.